डी ड्राइव्ह शंभर एमबीचा कसा झाला : विंडोज पुन्हा टाकल्यावर सरकलेल्या अक्षरांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डीटीपीचं जुनं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे अहवाल आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. मालकांना इथे अण्णा म्हणू, ऑपरेटरला ताई. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काम चालायचं एका जुन्या डेस्कटॉपवर. विंडोज ७, एक टीबीची हार्ड डिस्क आणि तिचे तीन भाग. संगणक घेताना दुकानदाराने डिस्क सी, डी, ई अशी कापून दिली होती, तशीच ती पुढे दहा वर्षं राहिली. सीमध्ये विंडोज, सुमारे ९७ जीबी. डीमध्ये फॉन्ट, बिलं आणि जुनी सॉफ्टवेअरं, सुमारे ३९० जीबी. ईमध्ये सगळं काम, सुमारे ४४३ जीबी. एफ म्हणजे सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह. संध्याकाळी बॅकअपसाठी यूएसबीची डिस्क लावली की ती जी व्हायची. तिन्ही भागांना नाव मात्र एकच, ‘लोकल डिस्क’. त्यामुळे दुकानात अक्षर हाच पत्ता होता. ‘ई ला बघ’, ‘डी ला टाक’. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींमध्येही हाच पत्ता नोंदलेला, कारण चित्र कुठून आणलं याची पूर्ण वाट, अक्षरासकट, फाइलीत लिहिली जाते.

सप्टेंबर २०२२ मध्ये पितृपक्ष लागला. लग्नपत्रिका बंद, म्हणजे दिवाळी अंकाला हात घालायला हाच काळ बरा. नेमकी तेव्हाच विंडोज उघडेना. अण्णांच्या भाच्याने ११ तारखेच्या रविवारी २४० जीबीचा नवा एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवून त्यावर विंडोज १० टाकली. त्याने एक गोष्ट अगदी बरोबर केली. विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली आणि सगळं झाल्यावर जोडली. दोन्ही डिस्क जोडलेल्या असत्या, तर नव्या विंडोजच्या बूट फाइली, म्हणजे संगणक सुरू करायच्या फाइली, जुन्या डिस्कवर जाऊन बसण्याची शक्यता होती. मग पुढे कधी जुनी डिस्क काढली की नवी विंडोजही उघडणार नाही. हा घोळ मी तीनदा निस्तरला आहे, म्हणून त्या पोराचं कौतुक आधी. एसएसडीला वीज द्यायला मोकळी वायर नव्हती, ती त्याने डीव्हीडी ड्राइव्हची घेतली. म्हणजे डीव्हीडी यादीतून गेला.

अडचण

बुधवारी दुपारी अण्णांचा फोन आला. ‘अहो, डी भरला म्हणतंय हे. तीनशे जीबी मोकळी होती की हो परवा!’

मी विचारलं, ‘डी केवढा दिसतोय?’

थोडा वेळ शांतता. मग ताईंचा आवाज आला, ‘सर, शंभर एमबी.’

शंभर एमबी हा आकडा ऐकला आणि निम्मं कोडं तिथेच सुटलं. विंडोज ७ कोऱ्या डिस्कवर टाकली की ती स्वतःसाठी सुरुवातीलाच १०० एमबीचं एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, काढून घेते, ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचं. त्यात संगणक सुरू करायच्या फाइली असतात. त्याला अक्षर दिलेलं नसतं, म्हणून ते वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. पण नव्या विंडोजच्या लेखी जुनी डिस्क ही नुसती एक जोडलेली डिस्क. तिने ओळीने पार्टिशनं मोजली आणि ओळीने अक्षरं वाटली. नव्या एसएसडीला सी. त्या १०० एमबीच्या तुकड्याला डी. जुन्या विंडोजला, म्हणजे जुन्या सीला, ई. जुना डी झाला एफ, आणि सगळं काम असलेला जुना ई झाला जी. सगळी डिस्क दोन घरं पुढे सरकली.

एखादं अक्षर नाहीसं झालं असतं, तर विंडोजने ‘सापडत नाही’ असं सांगितलं असतं आणि माणूस थांबला असता. इथे डी होता, ई होता, जीसुद्धा होता. दारावरची पाटी तीच, आतलं बिऱ्हाड दुसरं. इनडिझाइनमध्ये अंकाची फाइल उघडली की चित्रांपुढे तांबडी प्रश्नचिन्हं येत होती. ताईंना वाटलं, फॉन्टसारखंच काहीतरी टाकायचं राहिलंय. पडद्यावर चित्र दिसतच होतं, कारण फाइलीत त्याची हलकी प्रत असते. छपाईला तीच हलकी प्रत गेली की फोटो फुटतो.

आधी हात कुठे आवरला

मी पोचायच्या आधी फोनवर एकच विचारलं, ‘रोजचा बॅकअप कसा घेता?’ अण्णा म्हणाले, डेस्कटॉपवर बॅकअप नावाची फाइल आहे, तिच्यावर दोनदा क्लिक करायचं. भाच्याने जुना डेस्कटॉप जसाच्या तसा नव्या विंडोजवर आणून ठेवला होता, त्यात तीही आली होती. रविवारपासून गडबडीत कुणी ती चालवली नव्हती.

‘तिला हात लावू नका. यूएसबीची डिस्क कपाटात ठेवा. मी येतो.’

गेल्यावर ती बॅच फाइल, म्हणजे क्लिक केली की आत लिहिलेले हुकूम चालवणारी फाइल, नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच ओळ होती : रोबोकॉपी, पुढे ई ड्राइव्ह, पुढे जी ड्राइव्ह, आणि शेवटी तिरकी रेघ देऊन एमआयआर. रोबोकॉपी हा विंडोजमध्येच असलेला नक्कल करायचा हुकूम. एमआयआर म्हणजे आरसा. जिथून घ्यायचं तिथे जे नाही, ते जिथे ठेवायचं तिथूनही पुसून टाकायचं. पुसलेलं कचरापेटीतही जात नाही.

जुन्या अक्षरांत याचा अर्थ होता, काम उचल आणि बॅकअप डिस्कवर ठेव. नव्या अक्षरांत अर्थ झाला, जुनी विंडोज उचल, ती कामाच्या ड्राइव्हवर ठेव आणि तिथलं बाकी सगळं पुस. सगळं दोनच घरांनी सरकल्यामुळे ई आणि जी ही जोडी नेमकी उलटी, वाईटात वाईट पद्धतीने जुळली होती. यूएसबीची डिस्क जोडलेली नसली तरी ही फाइल कुरकुर न करता चालली असती.

मी ती फाइल पुसली नाही. नाव बदललं आणि नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) टीएक्सटी केलं, म्हणजे क्लिक केली तरी नुसती नोटपॅडमध्ये उघडेल. पुढे पुरावा म्हणून ती कामालाही आली.

जुनी अक्षरं कोणती होती

अण्णांना विचारलं तर सी, डी, ई हा क्रम ते ठामपणे सांगत होते. ताई म्हणाल्या, मधे कधीतरी फोटोंसाठी एच पण होता. माणसांच्या आठवणीवर अक्षरं बदलायची नाहीत हा माझा नियम आहे. आणि इथे आठवणीची गरजही नव्हती, कारण जुनी विंडोज उघडत नसली तरी तिची वही शाबूत होती.

ड्राइव्हचं अक्षर डिस्कवर कुठेही लिहिलेलं नसतं. ते त्या त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या नोंदींच्या वहीत असतं, एचकेएलएम नावाच्या विभागातल्या सिस्टिमखाली, माउंटेडडिव्हायसेस नावाच्या जागी. म्हणूनच विंडोज बदलली की डिस्क तीच राहून अक्षरं बदलतात. आणि म्हणूनच जुन्या विंडोजच्या फोल्डरातून ती नोंद वाचताही येते.

विंडोजच्या फोल्डरात सिस्टिम३२, त्यात कॉन्फिग, त्यात सिस्टिम नावाची बिनशेपटीची फाइल असते. तिची प्रत नव्या सीवर घेतली. मूळ फाइल थेट उघडली नाही, कारण उघडताना तिच्यात बदल होऊ शकतो. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेएलएम निवडून ‘लोड हाइव्ह’ने ती प्रत जोडली. माउंटेडडिव्हायसेसमध्ये हार्ड डिस्कच्या प्रत्येक अक्षरासमोर बारा बाइटची नोंद मिळाली. एमबीआर, म्हणजे पार्टिशनांची यादी ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कला यातले पहिले चार बाइट म्हणजे डिस्कची सही, पुढचे आठ म्हणजे ते पार्टिशन डिस्कवर कितव्या बाइटला सुरू होतं तो आकडा. नव्या, जीपीटी पद्धतीची डिस्क असती तर ही नोंद वेगळी, लांबलचक दिसली असती.

सी, डी, ई तिघांचे पहिले चार बाइट सारखे, म्हणजे तिघं एकाच डिस्कवरचे. जीचे चार बाइट वेगळे, म्हणजे ती यूएसबीची डिस्क. एचची नोंद यूएसबी साधनाची होती, म्हणजे ताईंचा फोटोंचा एच हा कुणाचा तरी पेनड्राइव्ह.

उरलं ते सुरुवातीचा आकडा ताडून बघणं. बाइट उलट्या क्रमाने वाचायचे असतात, इथे नवखा माणूस हमखास चुकतो. सीपुढे ०० ०० ५० ०६ आणि मग शून्यं होती. उलटं वाचून दशमानात आणलं की १०,५९,०६,१७६, म्हणजे बरोबर १०१ एमबी. एक एमबी सुरुवातीला सोडलेला आणि पुढे १०० एमबीचं ते सिस्टिम रिझर्व्ह्ड. नव्या विंडोजमध्ये डिस्कपार्ट हा डिस्कची माहिती देणारा हुकूम उघडून त्या पार्टिशनचा तपशील मागितला, तिथेही हाच आकडा. डी आणि ईचे आकडेही असेच जुळवले आणि कागदावर मांडले. अण्णांची आठवण पूर्ण बरोबर निघाली. पण ती बरोबर आहे हे आता मला माहीत होतं.

पर्याय

भाच्याचं म्हणणं होतं, विंडोज पुन्हा टाकतो, या खेपेला दोन्ही डिस्क लावून. त्याने अक्षरं जागेवर आली असती याची काही खात्री नव्हती, आणि वर दिलेली बूट फाइलींची भानगड पदरात पडली असती.

ताईंचं म्हणणं होतं, राहू दे नवी अक्षरं, मी लिंका जोडून घेते. इनडिझाइनमध्ये एका फोल्डरातली सगळी चित्रं एकदम पुन्हा जोडता येतात, त्यामुळे एकट्या दिवाळी अंकापुरतं हे जमलं असतं. पण ई ड्राइव्हवर मागच्या कैक वर्षांचं काम होतं. ‘मागच्या वर्षीचीच पत्रिका, फक्त नाव बदला’ म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. प्रत्येक वेळी तेच जोडकाम करावं लागलं असतं.

तिसरा, सब्स्ट नावाच्या हुकुमाने एखाद्या फोल्डरला अक्षर चिकटवणं. ते संगणक बंद होईपर्यंतच टिकतं, आणि मुळात डी, ई मोकळेच नव्हते.

चौथा पर्याय मला स्वतःला मोहात पाडत होता. जुनी रजिस्ट्री समोर उघडीच होती. त्यातली माउंटेडडिव्हायसेसची नोंद उचलून नव्यात टाकली की झालं. पण जुन्या वहीत सीसमोर जुन्या डिस्कचा पत्ता होता. ती ओळ नव्यात गेली असती, तर पुढच्या वेळी विंडोज स्वतःचंच घर शोधत लॉगिनपाशी घुटमळत बसली असती. एकेक ओळ निवडून नेता येते, पण जे काम विंडोजमध्येच असलेल्या डिस्क मॅनेजमेंट नावाच्या खिडकीत माउसने होतं त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालायचं कारण नव्हतं.

म्हणून ठरलं डिस्क मॅनेजमेंट. त्याची एक अट असते : विंडोज ज्या पार्टिशनवर बसली आहे त्याचं अक्षर तिथून बदलता येत नाही. आमची नवी विंडोज सीवरच होती, हे नशीब. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोज टाकली की ती सहसा स्वतःला सीच म्हणते. चालू विंडोजमधूनच सेटअप चालवून दुसऱ्या पार्टिशनवर टाकली, तर मात्र ती डी किंवा ई होऊन बसू शकते. एक्सपीच्या काळात तर नुसता कार्ड रीडर जोडलेला असला तरी असं व्हायचं. तसं असतं तर मी सरळ पुन्हा विंडोज टाकायला सांगितलं असतं.

प्रत्यक्ष काम

जागा बदलायच्या तर आधी कुणीतरी उठायला हवं. क्रम असा ठरवला : डीवर बसलेल्या १०० एमबीच्या पार्टिशनचं अक्षर काढायचं. जुन्या विंडोजला ईवरून उठवून लांब डब्ल्यूवर न्यायचं. मग एफचा डी, जीचा ई. सगळ्यात शेवटी यूएसबीची डिस्क.

त्याआधी इनडिझाइन, कोरलड्रॉ, सगळं बंद करायला सांगितलं. ड्राइव्हवरची फाइल उघडी असली की विंडोज अक्षर बदलायला होकार देते, पण संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत जुनं अक्षरही चालू ठेवते. मग कुठलं खरं, कुठलं खोटं, हे कळत नाही. अक्षरांवर अवलंबून असलेले प्रोग्रॅम बिघडू शकतील, असा इशारा प्रत्येक बदलाला येतो. आमचे प्रोग्रॅम आधीच बिघडलेले, म्हणून प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटलं.

एफ काही केल्या सुटेना. भाच्याने रविवारी फॉन्टचं सॉफ्टवेअर एफवर टाकलं होतं आणि ते संगणक सुरू होताच चालू व्हायचं. ते काढलं, अक्षर बदललं, पुन्हा सुरू केलं आणि मग डीवर नव्याने टाकलं. सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ यालाच गेला. चुकीचं अक्षर तीनच दिवस राहिलं होतं, तेवढ्यात त्याला मुळं फुटली होती. ताईंनी सोमवार-मंगळवारी केलेल्या अकरा नव्या फाइलींमध्ये चित्रांचे पत्ते जीवरचे होते. त्या आता तुटणार होत्या. जुनं हजारोंनी, नवं अकरा, त्यामुळे निर्णय सोपा होता. पण महिनाभराने बोलावलं असतं तर मी काय ठरवलं असतं, सांगता येत नाही.

मग प्रत्येकाला नाव दिलं. डी ‘साहित्य’, ई ‘काम’, डब्ल्यू ‘जुनी विंडोज’, यूएसबीची डिस्क ‘बॅकअप’. हे नाव मात्र डिस्कवरच लिहिलं जातं, विंडोज बदलली तरी पुसत नाही.

बॅकअपच्या फाइलीवर आम्ही जरा थांबलो. यूएसबीची डिस्क जीवर आणून जुनी फाइल तशीच चालवता आली असती. पण या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येतात, आणि जी मोकळा असेल तर पहिला पेनड्राइव्ह तिथेच बसणार. हे मी बोलून दाखवलं तेव्हा अण्णा आणि ताई एकमेकांकडे बघायला लागले. दोनेक वर्षांपूर्वी एक शिक्षक भांडायला आले होते. त्यांच्या पेनड्राइव्हमधल्या प्रश्नपत्रिका गेल्या होत्या आणि आत भलत्याच लोकांच्या लग्नपत्रिका भरल्या होत्या. तेव्हा सगळं खापर व्हायरसवर फुटलं होतं.

नव्या फाइलीत दोन बदल केले. आधी बॅकअप डिस्कवर ठरावीक नावाची एक रिकामी खुणेची फाइल आहे का ते बघायचं, तशीच खूण ईवरही. दोन्ही सापडल्या तरच पुढे जायचं, नाहीतर थांबून तसं सांगायचं. दुसरं, तिरक्या रेघेपुढचं एमआयआर काढून तिथे नुसतं ई ठेवलं (हा रोबोकॉपीचा ई, ड्राइव्हचा नव्हे), म्हणजे उपफोल्डरांसकट नक्कल होईल पण पुसलं काही जाणार नाही. याने बॅकअपवर जुना पसारा साठत जातो. अण्णांना ते आवडलं नाही. मी म्हटलं, भरली की मला बोलवा. यूएसबीच्या डिस्कला अक्षरही झेड दिलं, तिथपर्यंत पेनड्राइव्हची रांग पोचत नाही.

निष्पत्ती

संध्याकाळी सात वाजता दिवाळी अंकाची फाइल उघडली आणि एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. बिलांचं सॉफ्टवेअर डीवरचं जुनं फोल्डर शोधत होतं, तेही काही न करता चालू झालं. अकरा फाइली ताईंनी दुसऱ्या दिवशी हाताने जोडल्या. मंगळवारी एका जाहिरातीचं पान प्रूफला गेलं होतं आणि त्यातला सोन्याच्या दुकानाचा फोटो फुटलेला होता. ते प्रूफवरच लक्षात आलं, छपाई झाली नव्हती.

गुरुवारी सकाळी मात्र ताईंचा फोन आला. ‘सर, सोमवारी मी दोन फाइली डी मध्ये टाकल्या होत्या. त्या नाहीत.’

चूक माझी होती. ‘डी भरला’ ही तक्रारच मुळी कुणीतरी तिथे काहीतरी ठेवल्यामुळे आली होती, आणि मी त्या १०० एमबीच्या पार्टिशनचं अक्षर आत न बघता काढून टाकलं होतं. फाइली गेल्या नव्हत्या, फक्त त्यांच्यापर्यंत जायला दार उरलं नव्हतं. फोनवरच ताईंकडून त्याला थोडा वेळ एस अक्षर द्यायला लावलं, फाइली ईवर हलवल्या आणि अक्षर पुन्हा काढलं. वीस मिनिटांचं काम, पण अंकाचं संपादकीय त्यात होतं.

पुन्हा असं काम आलं तर

कुठलंही अक्षर काढण्याआधी तो ड्राइव्ह उघडून, लपलेल्या फाइली दाखवून बघेन, कितीही फालतू वाटला तरी. विंडोज टाकल्यापासून कुणी कुठे काय ठेवलं, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारेन. मी बॅकअपचं विचारलं आणि हे विसरलो.

भाच्याच्या जागी असतो तर जुनी डिस्क जोडल्यावर, एकही सॉफ्टवेअर टाकण्याआधी, डिस्क मॅनेजमेंट उघडलं असतं. त्या क्षणी हे काम दहा मिनिटांचं होतं. आणि जुना डेस्कटॉप आणताना बॅच फाइली बाजूला ठेवल्या असत्या. त्या कागदासारख्या दिसतात, पण त्या हुकूम असतात.

जुन्या विंडोजचं पार्टिशन पुसून जागा मोकळी करावी का, यावर आमचं एकमत झालं नाही. मी एक महिना थांबायला सांगितलं होतं. डब्ल्यू ड्राइव्ह अजून तसाच आहे. अण्णा म्हणतात, त्यात अजून काय सापडेल सांगता येत नाही.